तिसऱ्या पायरीचं पाणी

शकूला आपल्या हाताचा गर्व होता, आणि तो उगाच नव्हता. श्रीवर्धनच्या खाडीकाठी मुंबईच्या शिवदास शेटने म्हाताऱ्या माणसांसाठी जे कौलारू घर बांधलं होतं, तिथे ती पाच वर्षं कामाला होती. न्हाऊ घालणं, भरवणं, केस विंचरणं, घाण काढणं, सगळं तिच्याकडे. पहिला महिना सोडला तर या पाच वर्षांत अंथरुणाला खिळलेल्या एकाही माणसाच्या अंगाला तिने जखम होऊ दिली नव्हती. शेटची माणसं वर्षातून एकदा आगबोटीने बघायला येत. येताना नाकाला रुमाल लावायच्या तयारीने येत आणि रुमाल खिशातच ठेवून परत जात. शकूला एवढी शाबासकी पुरे होती.

जखमेची तिला धास्ती होती, त्यालाही कारण होतं. ती कामाला लागली त्याच महिन्यात तिथल्या भागोजी नावाच्या म्हाताऱ्याची कमरेखालची कातडी फाटली. आधी लाल चट्टा, मग काळी कड, मग खड्डा, मग वास. वास सुटल्यापासून पंधराव्या दिवशी भागोजी गेला. दवाखान्यातला कंपाउंडर तेव्हा तिला म्हणाला होता, "माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की कातडी आतून मरते, बाई. पालटत राहायचं. याला दुसरं औषध नाही."

तेव्हापासून शकू माणसं पालटत आली. वेळ कळायला शेटने भिंतीवरचं घड्याळ पाठवलं होतं, पण ते खाऱ्या हवेने पहिल्याच पावसाळ्यात बंद पडलं. व्यवस्थापक बाळाजीपंतांचं घड्याळ त्यांच्या खिशात असे आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी जाई. शकू कोळीण होती, तिचं घड्याळावाचून काही अडलं नाही. घराच्या मागच्या पडवीतून सात दगडी पायऱ्या खाडीत उतरत. भरतीचं पाणी वरून तिसऱ्या पायरीला लागलं की एका कुशीवर, आणि ओहोटीला पाणी उतरून पायऱ्यांसमोरचा काळा खडक उघडा पडला की दुसऱ्या कुशीवर. त्या खडकाला घरातली सगळी म्हैस म्हणत. दिवसारात्री मिळून चार वेळा पाणी शकूला हाक मारी आणि शकू उठे.

त्या साली असं पालटावं लागणारं माणूस एकच होतं, गोदूबाई. सत्तरीची कोळीण, एके काळी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चार गावं फिरणारी. अंगावरून वारं गेलं आणि तिचं उजवं अंग लुळं पडलं, त्याबरोबर वाचाही गेली. सगळी गेली असती तर बरं, असं तिची लेक कोकिळा रागाने म्हणे, कारण एक शब्द तेवढा मागे राहिला होता. "व्हय." गोदूबाई कशालाही व्हय म्हणे. भूक लागली का, व्हय. पोट भरलं का, व्हय. आज अमावास्या हाय का पुनव, व्हय. ती खुळी झाली नव्हती, डोळ्यांत सगळं शहाणपण शाबूत होतं. तोंडातून मात्र दुसरं काही निघत नसे. जे हवं ते ती डाव्या हाताने सांगे, भिंतीच्या फळीवर बोटं आपटून, नाहीतर शकूचा पदर ओढून.

फेब्रुवारीत किहीमहून निरोप आला. शकूच्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता. एकुलती भाची, तिला अंगाखांद्यावर खेळवलेली, न जाऊन चालणार नव्हतं. दोन रात्रींचा प्रश्न होता. पंचमीला निघायचं आणि सप्तमीला परत.

मागे काम बघायला रंगू होती. रंगू बोर्ली पंचतनच्याही आत डोंगराकडच्या गावची, भातशेतीवर राबलेली चाळिशीची विधवा. दीड महिन्यापूर्वीच ती स्वयंपाकाला आणि धुण्याला लागली होती. कामाला वाघीण, पण खाडीकडे बघायची ती भीतभीतच, कारण एवढं पाणी तिने जन्मात पाहिलं नव्हतं. शकूने निघताना तिला पडवीत उभं केलं आणि बोटाने दाखवलं.

"ही वरून तिसरी पायरी. पानी हिला लागलं की गोदूआयला डाव्या कुशीवर घालायची. ती म्हैस उघडी पडली की उजव्या कुशीवर. ध्यानात राहील?"

"तिसरी पायरी लागली की डावी, म्हैस दिसली की उजवी," रंगूने घोकलं.

"रातीची कंदील घेऊन बघायचं. झोपायचं न्हाय."

"न्हाय झोपनार, शकूबाय."

शकू दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तिला आणखी एक आठवलं. ते तिने हसतच सांगितलं, आणि ते हसणं तिला पुढे फार महागात पडलं.

"आनि ह्ये बघ, ती सारखी व्हय व्हय करते. तिच्या व्हयवर जाव नुको. पान्यावर जा."

आत फळीपाशी गोदूबाई जागी होती. तिने हे ऐकलं असेल की नाही, याचा विचार शकूच्या मनाला तेव्हा शिवलाही नाही.

साखरपुडा छान झाला. शकू नाचली, गायली, दोन दिवस कुणाचंही अंग पुसलं नाही याची तिला मजा वाटली. सप्तमीला सकाळी तिच्या पुतण्याच्या, नामाच्या मचव्यात बसून ती निघाली. दुपारपर्यंत वारा बरा होता. मुरूड मागे पडलं आणि वारा एकदम बसला. शीड सुरकुतून लोंबायला लागलं. नामाने माणसांना वल्ही घ्यायला सांगितली, पण भरलेला मचवा वल्ह्यांना कुठला दाद देतो! शेवटी त्याने नांगर टाकला आणि तंबाखू मळत बसला.

"आज काय पोचत न्हाय, काकी."

"असं काय म्हनतंस? वाऱ्याबिगर पान्याच्या ओढीनं सरकंल की."

नामाने हसून मान हलवली. "ओढ कुठली? भांग हाय न्हवं! पानी मेल्यावानी पडलंय. ना चढत, ना उतरत."

शकू एकदम उठून उभी राहिली. आधी का उठली तेच तिला कळेना. भांग तर होताच. अमावास्येला आणि पुनवेला उधाण येतं, अष्टमी-नवमीला पाणी सुस्तावतं, त्याला भांग म्हणतात, हे कोळ्याच्या घरात पाळण्यातलं पोर जाणतं. भांगात जाळी टाकून उपयोग नसतो, होड्या किनाऱ्याला लागतात, पुरुष घरात असतात, म्हणून तर कोळी साखरपुडा भांगात धरतात. भाचीचाही तसाच धरला होता. तिथे नाचताना दहा जणींच्या तोंडी भांग हा शब्द तिने ऐकला होता.

मग तिला ती तिसरी पायरी दिसली. कोरडी.

भांगात पाणी तिसऱ्या पायरीला लागत नाही. पाचवीपाशीच घुटमळतं. आणि उतरतंही थोडंच, म्हणजे म्हैसही उघडी पडत नाही. शकू स्वतः भांगाच्या दिवसांत पायरी बघतच नसे. पाणी वळलं की त्याचा आवाज पालटतो, त्यावर ती उठे, आणि आपण असं करतो हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. जे कधी चुकलंच नाही ते सांगायचं कुणाला सुचतं? आणि तिने सांगितलं कुणाला, तर भाताच्या खाचरातल्या पाण्यापलीकडे पाणी न पाहिलेल्या रंगूला.

पंचमीला लागलं असेल. षष्ठीला सकाळी कदाचित. पुढे? पुढे रंगू कंदील घेऊन वाट बघत बसली असेल आणि गोदूबाई ज्या कुशीवर होती त्याच कुशीवर असेल.

"नामा, मना किनाऱ्याला उतरव. मी चालत जाते."

"काकी, खुळी झालीस? मधी दोन खाड्या हायेत."

"मंग वल्ही मार!"

नामाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तंबाखू टाकून देऊन नांगर उचलायला लावला. त्या माणसांनी अंधार पडेपर्यंत वल्ही मारली, पण किनाऱ्यावरचं एकच माडाचं झाड बराच वेळ समोरच राहिलं. दुसरा दिवस अष्टमीचा. वारा नाही. शकूने भाकरी खाल्ली नाही. ती नुसती मोजत बसली. किती वेळ झाला, किती वेळात लाल होतं, किती वेळात फाटतं. भागोजीच्या वेळचा वास तिला भर समुद्रात यायला लागला. मधेच ती मनाची समजूत घाली. रंगू काही दगड नाही, तिला दिसेल, ती आपल्या अकलेने पालटेल. आणि लगेच तिला आठवे की अक्कल चालवू नको, हेही आपण तिला वेगळ्या शब्दांत सांगूनच आलो आहोत.

नवमीला उजाडता वारा धरला आणि पहिल्या प्रहरी मचवा खाडीत शिरला. पायऱ्यांवर कुणीतरी बसलं होतं. रंगू. तिसऱ्या पायरीवर कोरड्या दगडाला हात लावून ती पाण्याकडे टक लावून बसली होती. डोळे सुजलेले, केस पिंजारलेले.

शकूला बघून ती उठली आणि रडायलाच लागली. "शकूबाय, पानी येतच न्हाय वो! मी तीन राती झोपली न्हाय. आता येल, मंग येल, म्हनून बसलीय. समिंदर माझ्यावर कोपलाय काय?"

शकू तिला ओलांडून आत धावली.

गोदूबाई डाव्या कुशीवर होती. चांगला हात अंगाखाली दबलेला, तो निळसर पडला होता. तोंड फळीकडे. शकूने तिला हळूच उचलून पालटलं तेव्हा म्हातारीच्या घशातून आवाज निघाला, तो व्हयसुद्धा नव्हता. शकूने लुगडं बाजूला केलं. डाव्या खुब्यावर बंद्या रुपयाएवढी कातडी गेली होती आणि तिच्याभोवती तळहाताएवढं लालजांभळं झालं होतं.

पाच वर्षं शकू ज्याला भीत आली ते तिच्यासमोर होतं.

"तू पालटलीस कशी न्हाय गं?" ती ओरडली. "तुला दिसलं न्हाय?"

रंगू दाराची चौकट धरून उभी होती. "खालचं फडकं वढून बदलत व्हते, शकूबाय. भरवत व्हते. बाळाजीपंतांना इचारलं, तर ते म्हनले, शकूनं सांगितलंय तसंच कर. आनि ती... ती दोन राती सारखी व्हय व्हय करत व्हती. घसा बसंपरेंत. माझ्या जीवाला बरं वाटंना, पर तुमीच म्हनलं व्हतं ना, तिच्या व्हयवर जाव नुको?"

शकूने लुगडं परत सारखं केलं.

"काल रातीपासून गप हाय," रंगू म्हणाली. "मना वाटलं, आता बरं वाटलं असंल."

शकूने पाणी उकळत ठेवलं. हात काम करत होते म्हणून बरं, डोकं काही करत नव्हतं. अंगणापलीकडच्या पुरुषांच्या खोलीतून आंधळ्या धर्माजीचा आवाज आला. तो जुना तांडेल, चाळीस वर्षं होडी चालवलेला.

"शकू आली काय? भांग बेस गेला ना किहीमला?" त्याने विचारलं.

त्याला एका शब्दाने विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पण रंगू परक्या पुरुषांच्या खोलीशी थाळा ठेवून खालमानेने परत येई.

कंपाउंडर आला, त्याने पिवळी पूड टाकली आणि चष्मा पुसत म्हणाला, "कड काळी पडली तर मला बोलवू नका, काही उपयोग नाही. आठ दिवस काळी पडली नाही तर म्हातारी वाचेल." शकूने कोवळं केळीचं पान अंथरलं, कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुतली, आणि दर थोड्या वेळाने जाऊन कड बघायला लागली. पहिल्या दिवशी लाल. दुसऱ्या दिवशी लाल, पण एका बाजूला गडद. ते गडद म्हणजे काळं की नुसती सावली, हे ठरवायला ती गोदूबाईला खिडकीकडे ओढून घेई, परत आत सरकवी, परत ओढून घेई. शेवटी म्हातारीने चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं आणि सोडेना.

बाळाजीपंतांनी दुसऱ्याच दिवशी शकूला बाजूला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना स्वतःची फार काळजी असे. "हे बघ शकू, सोमवारी हिची लेक येईल. पुढच्या पंधरवड्यात शेटची माणसं येतील. तुझं नाव खराब होण्यात कुणाचं भलं आहे? रंगू नवी होती, तिला जमलं नाही, आपण तिला काढून टाकली. संपलं. ती तरी कुठे नाही म्हणते आहे?"

खरंच, रंगू नाही म्हणत नव्हती. तिला वाटत होतं की चूक आपलीच, पाण्याकडे बघण्यात आपलंच काही चुकलं. ती बोचकं बांधून बसली होती. हे सगळं शकूला भांगाचं समजावून सांगून एका क्षणात मिटवता आलं असतं. शकूने ते लगेच सांगितलं नाही, शनिवार गेला आणि रविवारही गेला. तिला स्वतःची लाज वाटत होती. आणि लाजेहून मोठी भीती होती ती कोकिळाची.

कारण कोकिळाने आई इथे आणून टाकली नव्हती. ती बोर्लीच्या बाजारात मासळी विकायची. पहाटे निघायची ती दिवेलागणीला परतायची, नवरा दर्यावर आणि घरात दुसरं माणूस नाही. आईला दिवसभर एकटी कोंडून ठेवण्यापेक्षा तिने ती शकूच्या हवाली केली होती. "घराच्या नव्हं, तुझ्या हवाली करते," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दर सोमवारी येताना ती शकूसाठी दोन बांगडे वेगळे काढून आणी.

सोमवारीही आणले. पाटी पडवीत ठेवून, पदराने घाम पुसत ती आत आली, आईच्या तोंडावरून हात फिरवला, आणि नाक फेंदारून थांबली. पिवळ्या पुडीचा वास लपणारा नव्हता.

"ह्यो कसला वास?"

शकूने लुगडं बाजूला करून दाखवलं. कोकिळा बराच वेळ बघत राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर शकूला सोपं गेलं असतं.

"तू व्हतीस ना हितं?" कोकिळाने विचारलं.

बाळाजीपंत दारात आले होते. त्यांनी घसा खाकरला, "त्याचं असं झालं, ही नवी बाई..."

"मी नव्हते," शकू म्हणाली. "किहीमला गेलते. आनि ह्यात रंगूचं काय बी न्हाय. मी तिला तिसरी पायरी दाखवून गेले, आनि भांग व्हता."

कोकिळा कोळ्याची पोर, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिचे डोळे मिटले. रंगू मात्र बोचकं मांडीवर घेऊन आ वासून ऐकत होती. भांग म्हणजे काय, पाणी का आलं नाही, हे तिला आज कळत होतं.

"दोनाचे चार दिस झाले वाऱ्यापायी," शकू म्हणाली. "मी इसरले. मी कोळीन असून इसरले."

कोकिळाने सुस्कारा टाकला आणि चक्क शकूच्या खांद्यावर हात ठेवला. "तुना काय बोलू? पाच वर्सं तू केलंस तेवढं मी तरी केलं असतं काय? पान्यावर आनि वाऱ्यावर कुनाची सत्ता हाय?"

झालं होतं. शकूला माफी मिळाली होती, ती मागायच्या आधीच. आता तोंड मिटून बसलं असतं तरी चाललं असतं, कोकिळाने बांगडे दिले असते, शकूने घेतले असते. रंगू काही बोलली नसती. शकूने रंगूकडे पाहिलं. रंगूने मान खाली घातली, म्हणजे ती खरोखरच काही बोलणार नव्हती. आणि फळीपाशी गोदूबाई डोळे उघडे ठेवून शकूकडेच बघत होती.

"आनि एक हाय," शकू म्हणाली. "ती दोन राती वरडत व्हती. व्हय, व्हय, म्हनून. घसा बसंपरेंत. रंगू पालटनार व्हती. पर मीच जाताना तिला सांगून गेलते, ह्या म्हातारीच्या व्हयवर जाव नुको म्हनून. हसून सांगितलं. तुझी आय ऐकत व्हती."

कोकिळाने हात काढून घेतला.

बाळाजीपंत हळूच निघून गेले. मग कोकिळा आईच्या डोक्याशी बसली आणि तिच्या कानाशी वाकली.

"आये, तुना घरी न्यू?"

"व्हय," गोदूबाई म्हणाली. आवाज अजून बसलेलाच होता.

"का हितंच रव्हतंस?"

"व्हय."

"हिच्या हातात ठेवू तुना?"

"व्हय."

कोकिळाला रडू फुटलं. आईचा हात गालाला लावून ती हमसून हमसून रडली. मग नाक पुसून तिने शकूकडे पाहिलं. "पाच वर्सं तू हिच्यापाशी हायेस. ह्यातलं खरं व्हय कुठलं? तुना तरी कळतं काय?"

तीन सोमवारांपूर्वी हे विचारलं असतं तर शकूने छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की मला कळतं. तिच्याइतकं गोदूबाईला कोण ओळखत होतं?

"न्हाय," ती म्हणाली. "मी कवा ऐकलंच न्हाय. मी पानी बघत व्हते."

कोकिळा उठली. पाटी डोक्यावर घेतली. बांगडे तिने पाटीतून काढले नाहीत. दारात ती थांबली, तोंड न वळवताच बोलली. "नेन्यासारकं माझं घर न्हाय, ह्ये तुना ठावं हाय. आता बस तिच्यापाशी आनि ऐक. पुढच्या सोमवारी मी इचारीन."

ती गेली. रंगूने बोचकं सोडून लुगडी परत खुंटीला टांगली आणि चूल पेटवायला गेली. शकू गोदूबाईपाशी बसली.

जखमेची कड अजून लालच होती. चार दिवस झाले होते, चार राहिले होते. मागे खाडीला पाणी चढत होतं, ते तिला ऐकू येत होतं, पण ती उठून बघायला गेली नाही.

"व्हय," गोदूबाई म्हणाली.

शकूने तिला पालटलं.

"व्हय."

शकूने पाणी पाजलं. उशी सारखी केली. "व्हय," परत आलं. शकूने पाय चेपले, पांघरूण काढलं, परत घातलं. प्रत्येक वेळी व्हय. आजवर एक-दोनदा झालं की शकू हसून उठून जात असे, पुढचं कुणाचंतरी काम असेच. आज ती उठली नाही. तिने म्हातारीच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि तिला दिसलं की व्हय म्हणताना गोदूबाईची मूठ घट्ट आवळलेली आहे. ज्या हातावर ती तीन दिवस पडून होती तोच हात. शकूने तो उचलला, मांडीवर घेतला आणि कोपरापासून बोटांपर्यंत खोबरेल चोळायला लागली. कुणी इतक्या दिवसांत त्या हाताकडे बघितलंच नव्हतं. सगळी जखमेकडे बघत होती.

गोदूबाई गप्प झाली.

शकूचा चोळता हात थांबला. अष्टमीच्या रात्रीही ती अशीच गप्प झाली होती, आणि रंगूला वाटलं होतं की तिला बरं वाटलं. शकू बघत राहिली. हे बरं वाटून गप्प होणं, की हाक मारून थकून गप्प होणं? पाच वर्षांत तिने दोन्ही कितीदा ऐकली असतील आणि वेगळी केली नसतील.

मग तिच्या मांडीवर मूठ हळूहळू उघडली. एकेक बोट सुटलं.

"ह्ये पायजे व्हतं, आये?" शकूने विचारलं.

गोदूबाईने व्हय म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही, नुसता हात तसाच उघडा ठेवला. शकू चोळत राहिली. मागे पाणी तिसऱ्या पायरीला लागलं असावं, कारण रंगू पडवीतून धावत आली, "शकूबाय, लागलं! पानी लागलं!" आणि शकूने तिला बोटाने गप्प बसायची खूण केली.